एकोणीस दिवसांची भेग

१५ मार्च २०१८ च्या दुपारी, पावणेदोनच्या सुमारास, मायामीजवळ फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल खालच्या रस्त्यावर कोसळला. १७४ फूट म्हणजे सुमारे ५३ मीटर लांबीचा, ९५० टन वजनाचा काँक्रीटचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग, साडेअठरा फूट खाली आला. त्याखाली आठ वाहनं सापडली. वाहनांतले पाच जण आणि पुलावर काम करणारा एक कामगार, असे सहा जण दगावले. जखमी झालेल्या दहा जणांपैकी पाच जण पुलावरचेच कामगार होते.

कामगारांचं ऐकावं, असं सांगताना बहुतेकदा ज्या घटनांचे दाखले दिले जातात, त्यांत खालचा माणूस जीव तोडून सांगतो आणि वरच्यांच्या कानावर काही पडतच नाही. या पुलाचं प्रकरण तसं नाही, आणि म्हणूनच ते जास्त बारकाईनं पाहण्यासारखं आहे. पहिली भेग २४ फेब्रुवारीला दिसली. पूल पडेपर्यंत मध्ये एकोणीस दिवस गेले. तेवढ्या काळात भेगांचे फोटो निघाले, ईमेल झाले, फोन झाले, शेवटच्या दिवशी सकाळी बैठकही झाली. कंत्राटदार, डिझाइन करणारी कंपनी, देखरेख करणारी सल्लागार कंपनी, विद्यापीठ, सगळ्यांना भेग माहीत होती. तरी खालून गाड्या जात राहिल्या, आणि ज्या सांध्यात भेग होती त्याच सांध्याशी जोडलेल्या सळयांना ताण द्यायला टोळी वर चढली.

पूल कसा होता

काँक्रीटचा ट्रस होता. खाली चालायची फरशी, वर छत, आणि दोहोंना जोडणाऱ्या तिरक्या व उभ्या खांबांची मधोमध एकच रांग. एकच रांग असल्यामुळे एखादा सांधा गेला तर त्याचा भार उचलायला दुसरी वाट नव्हती. खांबांना क्रमांक होते. उत्तरेच्या टोकाला ११ क्रमांकाचा तिरका खांब आणि १२ क्रमांकाचा उभा खांब जिथे फरशीला मिळत होते, तो सांधा या प्रकरणाच्या मुळाशी आहे. तिरका खांब फरशीवर येताना नुसता खाली दाबत नाही, तो सांध्याला बाहेरच्या बाजूला ढकलतोही. हा आडवा जोर पेलण्याची ताकद त्या सांध्यात हवी असते. डिझाइनमध्ये हा जोर कमी धरला गेला होता आणि सांध्याची ताकद जास्त धरली गेली होती. दुसऱ्या कंपनीनं आकडेमोड तपासली, पण तिच्याही नजरेतून ही चूक सुटली.

हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण कामगारांचं ऐकलं असतं तर पूल वाचला असता, असा दावा इथे करायचा नाही. चूक कागदावरची होती. पूल पाडून किंवा टेकू देऊन पुन्हा करावाच लागला असता. ऐकण्यानं माणसं वाचली असती.

गाळा रस्त्याच्या कडेला ओतून तयार केला आणि १० मार्चला स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या अवजड वाहक गाड्यांवरून आणून एकाच दिवसात खांबांवर बसवला. या पद्धतीचा सगळा फायदाच हा, की रस्ता महिनोन्‌महिने अडत नाही. एक गोष्ट इथे मनात येते: जी पद्धत रस्ता चालू ठेवण्यासाठी निवडली, तिच्यात रस्ता बंद करा असं म्हणणं म्हणजे पद्धतच फसली असं कबूल करणं. कोणी हे बोलून दाखवत नाही, पण निर्णय घेणाऱ्याच्या हातावर त्याचं ओझं असतंच.

पहिली खूण: २४ फेब्रुवारी

कडेला ओतलेल्या गाळ्याखालची सेंट्रिंग, म्हणजे तात्पुरता आधार, काढली आणि पूल पहिल्यांदा स्वतःच्या वजनावर उभा राहिला. त्याच वेळी ११–१२ च्या सांध्यात भेगा दिसल्या. नोंद झाली, फोटो काढले गेले.

सेंट्रिंग उतरवताना भेग सर्वांत आधी दिसते ती टेकू सैल करणाऱ्याला. तो खाली असतो, जवळ असतो आणि त्याच्या हाताला कळतं की हा जॅक बाकीच्यांपेक्षा घट्ट बसलाय किंवा हा अपेक्षेपेक्षा लवकर सुटला. ही माहिती फोटोत येत नाही. म्हणून सेंट्रिंग काढल्यावर त्याच दिवशी, टोळी पांगायच्या आत, तिला तीन गोष्टी विचारायच्या: कोणता टेकू काढताना आवाज आला, कोणत्या टेकूवर भार जास्त वाटला, आणि आधी नसलेली कोणती खूण आता दिसते आहे. उत्तरं नकाशाच्या प्रतीवर जागच्या जागी लिहायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर निम्मं विसरलेलं असतं, आणि उपठेकेदाराची टोळी तोवर दुसऱ्या साइटवर गेलेली असते.

भेगेची नोंद कशी करायची यातही बऱ्याच ठिकाणी ढिलाई असते. फोटोत मोजपट्टी नसेल तर भेग किती रुंद आहे हे कोणालाच सांगता येत नाही. वरच्या कार्यालयात मोबाइलच्या पडद्यावर सगळ्याच भेगा केसासारख्या दिसतात. नोंद अशी हवी: भेगेवर पारदर्शक मापनपट्टी ठेवून रुंदी मिलिमीटरमध्ये; भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ आणि शेजारी तारीख-वेळ; फोटो प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून, त्याच कोनातून. भेग वाढते आहे का हे पाहायला तिच्यावर आडवा प्लास्टरचा पातळ लेप द्यायचा. लेप तडकला की भेग हलते आहे, हे शाळा न शिकलेल्या माणसालाही कळतं. ही खूण कामगारांना वाचता येते आणि तेच ती दिवसातून दहादा पाहतात, हा या जुन्या युक्तीचा मोठा गुण आहे.

साधारण काँक्रीटमध्ये ०.३ ते ०.४ मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेतली जाते. केसासारख्या भेगा काँक्रीटला पडतातच, त्या प्रत्येकीसाठी काम थांबवायचं नसतं. म्हणूनच रुंदीचा आकडा आणि ‘वाढते आहे की नाही’ याचं उत्तर, या दोन गोष्टींशिवाय भेगेवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

दुसरी खूण: १० मार्च

गाळा उचलून नेताना ट्रसवर वेगळे जोर येतात. ते पेलण्यासाठी २ आणि ११ क्रमांकाच्या तिरक्या खांबांतल्या सळयांना तात्पुरता ताण दिलेला होता. गाळा जागेवर बसल्यावर तो ताण सोडायचा, असा क्रम ठरलेला होता. १० मार्चलाच पोस्ट-टेन्शनिंग, म्हणजे काँक्रीटमधल्या सळया ताणण्याचं काम, करणाऱ्या टोळीनं तो सोडला. ११ मधला ताण सुटताच सांध्यातल्या भेगा झपाट्यानं वाढल्या. हे पहिल्यांदा पाहिलं ते सळया ताणणारा जॅक सोडणाऱ्यांनी. त्यांच्यातून फोटो त्यांच्या वरिष्ठांकडे गेले. १२ मार्चला कंत्राटदाराकडून डिझाइन कंपनीला गेले.

या टोळीच्या कामाचा एक नियम इथे उपयोगी पडतो. सळईला ताण देताना दोन आकडे एकत्र पाहतात: पंपाच्या गेजवरचा दाब आणि सळई किती लांबली ते माप. हिशोबानं जेवढी लांबायला हवी त्यापेक्षा फरक साधारण ५ ते ७ टक्क्यांहून जास्त आला, की टोळी थांबते. इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढचा पंप मारत नाही. यात कोणी कामगाराला घाबरट म्हणत नाही, त्याच्याकडे पुरावा मागत नाही, दिवस वाया गेला म्हणून बोलत नाही. कारण थांबण्याचा आकडा काम सुरू व्हायच्या आधीच कागदावर लिहिलेला असतो. थांबणं हा त्या कामाचाच भाग असतो.

भेगेसाठी तसा आकडा कोणीच लिहून ठेवलेला नव्हता. म्हणून सळई ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लांबली असती तर जी टोळी हक्कानं थांबली असती, तिला डोळ्यांसमोर काँक्रीट फाटताना पाहून फोटो पाठवण्यापलीकडे काही करता आलं नाही. कामगाराचा अनुभव आणि कामगाराचा अधिकार यांतलं अंतर इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

हे अंतर कमी करायचं असेल तर उपाय स्वभावाचा नाही, कागदाचा आहे. कामाची पद्धत लिहिताना, म्हणजे टोळी यायच्या किमान आठवडाभर आधी, प्रत्येक टप्प्याला ‘इथे थांबा’ असे आकडे लिहायचे. मर्यादा डिझाइन करणाऱ्यानं ठरवायच्या, पण टोळीशी बसून. कारण कोणती गोष्ट जागेवर प्रत्यक्ष मोजता येते हे टोळीला ठाऊक असतं. वीस फूट उंचीवर, हातमोजे घालून, भिंगातून ०.०५ मिलिमीटर मोजा असं लिहिलं तर कोणी मोजणार नाही. त्याऐवजी तीन पायऱ्या पुरतात. भेग ठरलेल्या रुंदीच्या आत आणि स्थिर असेल तर नोंद करून काम चालू. मर्यादा ओलांडली किंवा टोक पेन्सिलीच्या रेघेपुढे गेलं तर त्या जागेचं काम बंद आणि इंजिनिअर जागेवर. काँक्रीटचे तुकडे सुटू लागले, आवाज झाला किंवा एका दिवसात भेग दुप्पट झाली तर सगळे खाली, आणि खालची जागाही रिकामी. तिसऱ्या पायरीसाठी कोणाची परवानगी लागत नाही, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत.

मधले चार दिवस

फोटो पाहून डिझाइन कंपनीनं उत्तर दिलं की सुरक्षेचा प्रश्न दिसत नाही. १३ मार्चला कंपनीच्या इंजिनिअरनं राज्याच्या परिवहन विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला. भेगांबद्दल सांगितलं, दुरुस्ती करावी लागेल म्हणाले, पण सुरक्षेच्या दृष्टीनं अडचण वाटत नाही असंही म्हणाले. तो कर्मचारी कामानिमित्त बाहेर होता. त्यानं निरोप ऐकला १६ मार्चला, म्हणजे पूल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.

या निरोपावर वर्तमानपत्रांतून बरंच लिहून आलं, पण तो वेळेवर ऐकला असता तरी मजकूर दिलासा देणाराच होता. आपल्या मते जास्त शिकण्यासारखं वेगळंच आहे. भेग पाहणारे आणि ‘काळजी नको’ म्हणणारे यांच्यामध्ये चार पायऱ्या होत्या: टोळी, टोळीची कंपनी, मुख्य कंत्राटदार, डिझाइन कंपनी. वर जाताना प्रत्येक पायरीवर माहिती थोडी थोडी गुळगुळीत झाली. जॅक सोडणारा जेव्हा म्हणतो की ‘ताण सोडला तशी भेग उघडली’, तेव्हा तो कारण आणि परिणाम एका वाक्यात सांगत असतो. दोन पायऱ्या वर गेल्यावर त्याचं ‘सांध्यात भेगा आढळल्या, फोटो सोबत’ होतं. कारण गळून पडतं. उरतो नुसता फोटो.

म्हणून गंभीर बाबींत नियम असा ठेवावा: ज्यानं पाहिलं तोच, ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्याशी थेट बोलेल. मध्ये मुकादम, सुपरवायझर, सुरक्षा अधिकारी हजर राहू शकतात, पण त्यांनी ‘त्याला असं म्हणायचंय’ असं भाषांतर करायचं नाही. कामगार आणि इंजिनिअर यांची भाषा खरोखरच वेगळी असेल, तर दुभाषी टोळीबाहेरचा हवा. मुकादमाला दुभाषी केलं की कामगार मुकादमाला पटेल तेवढंच बोलतो. बोलणं जागेवर व्हावं, भेगेवर बोट ठेवून. आणि कामगाराचं वाक्य नोंदवहीत त्याच्याच शब्दांत उतरावं. इंजिनिअरनं त्याखाली आपलं मत लिहावं, पण ते वाक्य खोडू नये.

तिसरी खूण: १५ मार्चची सकाळ

सकाळी नऊला साइटवर बैठक बसली. डिझाइन कंपनीचे लोक आधी पुलावर जाऊन भेगा पाहून आले होते. तोवर काही भेगा जवळपास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर रुंद झाल्या होत्या, आणि तीन-चार इंच खोल. नंतर चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं, म्हणजे एनटीएसबीनं, म्हटलं की साधारणपणे चालवून घेतल्या जाणाऱ्या भेगांपेक्षा त्या ४० पट मोठ्या होत्या. बैठकीतल्या सादरीकरणात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक, सांध्याजवळ काँक्रीटचे जे तुकडे निघालेत ते आकडेमोडीतून दाखवता आलेले नाहीत. दोन, रस्त्यावर असलेल्या गाळ्याच्या सुरक्षेची काळजी नाही.

ही दोन वाक्यं एकत्र टिकूच शकत नाहीत. जे डोळ्यांना दिसतंय ते गणितात येत नसेल, तर गणित अपुरं आहे आणि त्यावरून काढलेला सुरक्षिततेचा निष्कर्षही अपुरा आहे. हे म्हणायला पदवी लागत नाही. किंबहुना पदवी नसलेल्याला हे सोपं जातं, कारण त्याचा गणितावर जीव जडलेला नसतो. अशा बैठकीत जॅक चालवणाऱ्याला बसवण्याचं खरं कारण हेच. त्यानं सांध्यातलं बलगणित समजावून सांगावं, अशी अपेक्षा नाही. ‘मी सोडला तेव्हा उघडली, आता पुन्हा ताणली तर काय होईल?’ एवढा प्रश्न त्याच्याकडून खोलीत यायला हवा.

त्या प्रश्नाचं उत्तर फार अडचणीचं होतं. ठरलं असं, की ११ मधल्या सळयांना पुन्हा ताण द्यायचा, म्हणजे पूल हलवण्याच्या वेळी होता तसा होईल. वरवर शहाणपणाचं वाटतं. पण तिरक्या खांबातल्या सळया ताणल्या की खांबातला दाब वाढतो, आणि खांब सांध्याला जितका जास्त ढकलतो तितका आडवा जोर वाढतो. सांधा पूर्वीसारखा राहिलेला नव्हता. फाटलेल्या सांध्यावर जोर वाढवणं हे दुरुस्तीच्या नावाखाली नवीन काम होतं, आणि त्या नव्या कामाची स्वतंत्र तपासणी कोणी केली नव्हती.

त्याच दुपारी टोळी आली. दोन सळया, प्रत्येकीला २८० किप म्हणजे सुमारे १२७ टन ताण, आलटून पालटून ५० किपच्या, म्हणजे साधारण २३ टनांच्या पायऱ्यांनी. खालच्या आठ लेनपैकी उत्तर टोकाखालच्या दोन बंद होत्या. पश्चिमेकडे जाणारी एक आणि पूर्वेकडे जाणाऱ्या पाचही लेन चालू होत्या. ताण देण्याचं काम संपत आलं असताना सांधा सुटला.

दुरुस्तीचं काम नेहमीच्या कामापेक्षा धोक्याचं असतं हे साइटवरच्या जुन्या माणसांना पाठ असतं. नेहमीचं काम शंभरदा केलेलं असतं, त्याचे आकडे तयार असतात, टोळीचा हात बसलेला असतो. दुरुस्ती पहिल्यांदाच होते, घाईत होते, आणि ज्या वस्तूवर होते ती आधीच दुखावलेली असते. म्हणून दुरुस्तीआधीची चर्चा दहा मिनिटांत उरकायची नाही. त्या चर्चेत टोळीपुढे निदान एवढं आलं पाहिजे:

- नेमकं काय बिघडलंय आणि का, याचं कारण सापडलंय का? सापडलं नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं.
- ताणाची प्रत्येक पायरी झाल्यावर किती मिनिटं थांबायचं, भेग कोण मोजणार, आणि किती मिलिमीटरला पंप बंद.
- पंप बंद झाल्यावर ताण सोडायचा की तसाच ठेवून उतरायचं.
- कोणत्या वाटेनं उतरायचं, आणि त्या वेळी खाली कोण असेल.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘खाली गाड्या असतील’ असं आलं, तर बैठक तिथेच थांबते. टोळीतल्या कोणालाही हे विचारता येतं. विचारायला जागा मात्र द्यावी लागते. ‘काही अडचण?’ असं विचारलं की ‘नाही साहेब’ हेच उत्तर येतं. ‘आज तू कशामुळे थांबशील?’ असं विचारलं की माणूस विचार करून बोलतो. आणि उत्तर नसलं तर तेही कळतं: म्हणजे थांबण्याची खूण त्याला कोणी सांगितलेलीच नाही.

अधिकार होता, वापरला नाही

एनटीएसबीचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झाला. त्यात कोसळण्याचं कारण म्हणून सांध्याच्या आकडेमोडीतल्या चुका दिल्या आहेत. पण जीवितहानी वाढण्याचं कारण वेगळं नोंदवलं आहे: भेगा अस्वीकार्य झाल्यावर काम थांबवलं नाही आणि रस्ता बंद केला नाही. हा ठपका एकावर नाही. कंत्राटदार, डिझाइन कंपनी, देखरेख कंपनी, विद्यापीठ आणि राज्याचा परिवहन विभाग, पाचही जणांवर आहे.

अनेकांना थांबवता येत होतं आणि एकानंही थांबवलं नाही. हे विचित्र वाटतं, पण साइटवर वावरलेल्याला ओळखीचं आहे. अधिकार सगळ्यांचा असला की प्रत्येकाला वाटतं, ज्याला जास्त कळतं तो थांबवेल. ज्याला जास्त कळतं तो मात्र स्वतःच्याच गणितावर विश्वास ठेवून असतो. शिवाय थांबवणाऱ्यावर पुराव्याचा भार पडतो. ‘धोका आहे हे दाखव’ असं त्याला म्हटलं जातं, ‘धोका नाही हे दाखव’ असं दुसऱ्याला कोणी म्हणत नाही. कामगारांचं ऐकायचं म्हणजे प्रत्यक्षात हा भार उलटवायचा. शंका आली की काम आपोआप थांबलेलं असेल; पुन्हा सुरू करायचं असेल तर ज्यानं डिझाइन केलं नाही अशा स्वतंत्र इंजिनिअरनं सही करायची.

एनटीएसबीनं राज्याच्या परिवहन विभागाला केलेल्या शिफारशींपैकी एक अगदी याच वळणाची आहे. बांधकाम चालू असताना रचनेत भेगा आढळल्या की ताबडतोब पूल कामगारांना बंद करायचा आणि खालचा रस्ताही बंद करायचा. मग पुलाचा पूर्ण भार टेकूंवर घ्यायचा, आणि तेही अशा पद्धतीनं की टेकू लावताना कोणाला पुलावर किंवा थेट पुलाखाली जावं लागू नये. टेकू बसून तपासले जाईपर्यंत कोणीही त्यावर किंवा त्याखाली नाही. इथे कोणाच्या धीटपणाची, कोणाच्या अनुभवाची गरज उरत नाही. भेग पाहणाऱ्याचं एक वाक्य पुरतं.

कायद्याच्या भाषेत कामगाराचा हा हक्क नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ सालच्या बांधकाम सुरक्षा करारात, क्रमांक १६७, कलम १२ असं सांगतं की जिवाला किंवा प्रकृतीला तातडीचा गंभीर धोका आहे असं मानण्यास रास्त कारण असेल तर कामगाराला तिथून बाजूला होण्याचा हक्क आहे, आणि लगेच वरिष्ठाला कळवणं हे त्याचं कर्तव्य आहे. ब्रिटनचे २०१५ चे बांधकाम नियम मुख्य कंत्राटदारावर कामगारांशी सल्लामसलत करण्याची जबाबदारी टाकतात. पण बाजूला होण्याचा हक्क आणि काम थांबवण्याचा हक्क यांत फरक आहे. टोळी बाजूला झाली असती तरी गाड्या जातच राहिल्या असत्या.

थांबण्याची मजुरी

सगळे आकडे, वह्या, पायऱ्या लावल्या तरी एका जागी व्यवस्था हमखास फसते, ती म्हणजे पैसा. टोळी रोजावर असेल किंवा मोजून पैसे घेत असेल तर थांबलेला तास तिच्या खिशातून जातो. एकदा थांबवून शंका खोटी ठरली आणि त्या दिवसाची मजुरी कापली गेली, की पुढच्या वेळी भेग दिसली तरी ती ‘जुनीच आहे’ होते. म्हणून कंत्राटाच्या दरपत्रकातच थांबलेल्या तासांची बाब हवी, उपठेकेदारापर्यंत पोचणारी. शंका खरी निघाली की खोटी, यावर तिचा दर अवलंबून नको. सुरक्षिततेचं बक्षीस ‘महिन्यात एकही तक्रार नाही’ याला दिलं, तर पैसे मोजून मौन विकत घेतल्यासारखं होतं. अशी बक्षिसं ताबडतोब बंद करावीत.

लक्ष ठेवायचंच असेल तर तक्रारींच्या संख्येवर नको. संख्या शून्यावर आली तर बहुतेकदा लोकांनी बोलणं सोडलेलं असतं. त्याऐवजी दोन मापं पाहावीत: सांगितल्यापासून सांगणाऱ्याला उत्तर मिळेपर्यंत किती तास गेले, आणि किती वेळा सांगण्यामुळे कामात खरोखर काही बदललं. पहिलं माप चोवीस तासांच्या पुढे जाऊ लागलं की तक्रारींचा फलक भरलेला दिसतो, पण माणसं त्याकडे पाहत नाहीत. दुसरं माप शून्य असेल तर बैठका कितीही झाल्या तरी ऐकणं चालू नाही. मायामीच्या त्या साइटवर पहिलं माप वाईट नव्हतं. १२ मार्चला फोटो गेले, १३ ला उत्तर आलं. काम थांबण्याच्या बाबतीत दुसरं शून्य होतं.